नासर्डीकाठच्या सहा कुंड्या बुजवू नयेत : दालनाच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ,
शहराच्या जुन्या उद्योगांचे दालन, नाशिक

सन्माननीय विश्वस्तहो,

गेल्या महिन्यात आपल्या कार्यालयाकडून आलेले चार ओळींचे पत्र माझ्यासमोर आहे. शहराच्या जुन्या उद्योगांचे जे दालन आपण उभारत आहात, त्यात कातडी कमावण्याच्या व्यवसायाचा समावेश करता येणार नाही, मी दिलेली हत्यारे आणि हिशेबाची वही पंधरा दिवसांत परत न्यावी, आणि दालनाच्या मागच्या अंगणातील सहा दगडी कुंड्या २०२७ च्या सिंहस्थापूर्वी बुजवून तेथे वाहनतळ करण्यात येईल, एवढाच त्यातील मजकूर आहे. कारण एकही दिलेले नाही. कारणे मला प्रत्यक्ष भेटीत तोंडी सांगण्यात आली, आणि ती ऐकल्यापासून हे पत्र लिहावे असे सतत वाटत होते. आपल्या संस्थेचे नाव मी येथे लिहिलेले नाही, कारण माझे भांडण या एका निर्णयाशी आहे. मात्र तो निर्णय नाशिकच्या नावाने घेतला गेला असल्यामुळे त्याबद्दलचे माझे म्हणणेही नाशिककरांसमोरच मांडले पाहिजे, असे मला वाटते.

त्या कुंड्या माझ्या आजोबांनी बांधल्या. ती जागा आमच्या कुटुंबाने चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी विकली, त्यामुळे तिच्यावर माझा कोणताही कायदेशीर हक्क उरलेला नाही आणि तसा मी सांगतही नाही. मी या शहरातील एका माध्यमिक शाळेत तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे, आणि माझे लहानपण त्या कुंड्यांच्या कडेने गेले आहे.

आजोबा अक्कलकोटकडचे. आमचा समाज सरकारी यादीत ढोर या नावाने नोंदलेला आहे. बाराव्या शतकात कर्नाटकातील कल्याण (आजचे बसवकल्याण) येथे बसवण्णांच्या शरणांमध्ये, म्हणजे अनुयायांमध्ये, असलेल्या कक्कय्यांना आम्ही आमचे मूळ पुरुष मानतो आणि कक्कय्या समाज हे नाव लावतो. गावाकडे पोट भरेना म्हणून आजोबा विशीच्या आत मुंबईला गेले आणि धारावीत एका टॅनरीत लागले. धारावीतील कातडी कमावण्याच्या कारखान्यांचा मोठा भाग तिरुनेलवेली आणि आसपासच्या मुलखातून आलेल्या तमिळ मुसलमानांनी उभा केला होता. वांद्र्याचा कत्तलखाना जवळ होता, खाडीचे पाणी होते, आणि शहराला नकोसे झालेले सर्व धंदे जेथे ढकलता येतील अशी ती दलदलीची जागा होती. आजोबांचे मालक त्यांपैकीच एक. आजोबा त्यांना उस्ताद म्हणत. तमिळ भाषा त्यांना शेवटपर्यंत नीट आली नाही, पण धंद्यातील तमिळ शब्द मात्र त्यांच्या तोंडी कायमचे बसले. कातड्याला ते ‘तोल’ म्हणत, आणि उस्तादांच्या गावाकडून येणाऱ्या एका झुडपाच्या सालीला ‘आवारम’. दोन वर्षे ते आवारमच्या सालीची पोती वाहत होते, आणि एके दिवशी एका पोत्यात सालीबरोबर आलेली वाळकी पिवळी फुले पाहून त्यांच्या लक्षात आले की हा तर आपल्या माळावरचा तरवड आहे. ही गोष्ट ते आम्हा नातवंडांना पुन्हा पुन्हा सांगत, आणि प्रत्येक वेळी ती सांगताना त्यांचा चेहरा उजळत असे.

नाशिकला ते आले तेव्हा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचा काळ चालू होता. येथे येण्याची त्यांची कारणे मात्र सरळ धंद्याची होती. काळ्या मातीच्या पट्ट्यात बाभूळ भरपूर होती, घाटावरून हिरडा येत असे, देवळालीच्या लष्करी छावणीमुळे कातडी पट्ट्यांची आणि खोगिराच्या कातड्याची मागणी असे, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जिल्ह्यात विहिरी होत्या. विहीर म्हटली की मोट आली. इंजिने आणि विजेचे पंप येईपर्यंत या जिल्ह्यातील बागायत बैलांच्या खांद्यावर आणि कातड्याच्या मोटेवर उभी होती, आणि ज्या कातड्याला दिवसभर पाण्यात बुडायचे, भरून वर यायचे आणि उन्हात वाळायचे आहे, ते नीट कमावलेले नसेल तर एका हंगामातच कुजते. आजोबांच्या मोटेला गिऱ्हाईक लांबून येई ते यामुळे. नासर्डी नदीच्या काठी, तेव्हाच्या वस्तीपासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, त्यांना जागा मिळाली. अन्यत्र ती मिळणारही नव्हती.

आपण परत करू म्हणता ती वही याच काळातली आहे. ती मोडीत लिहिलेली आहे. अक्षर मुनिमाचे आणि शब्द आजोबांचे. तिच्या एकाच पानावर बाभळीच्या सालीच्या गाड्यांचा हिशेब मराठीत आहे, तरवडीची नोंद ‘आवारम’ या तमिळ शब्दाने आहे, आणि मजुरांची नावे कानडी वळणाची आहेत. आपल्या कार्यालयात ती आठ महिने होती. ती कोणी वाचली का, असे मी विचारले तेव्हा ‘मोडी असल्यामुळे वाचता आली नाही’ असे उत्तर मिळाले. नाशिकमध्ये मोडी वाचणारे जाणकार आहेत, १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे, आणि जुनी कागदपत्रे हाताळलेली माणसे आहेत. न वाचलेल्या वहीवर निर्णय कसा झाला, ही माझी पहिली तक्रार आहे.

दुसरी तक्रार वस्तूंच्या देखभालीची आहे. मी आपल्याकडे एक मोट, दोन मुठींची बाकदार सुरी, तीन राप्या, साल कुटण्याचे मुसळ आणि ती वही असे सर्व पोच घेऊन दिले होते. परवा पाहिले तेव्हा मोट मागच्या ओसरीत फरशीवर पडलेली होती, पावसाळ्याची ओल लागून तिच्या सोंडेवर पांढरी बुरशी चढली होती आणि शिवणीजवळ कातडे कडक होऊन तडकले होते. पन्नास वर्षे आमच्या घरी माळ्यावर ती धड राहिली, कारण दर दिवाळीआधी आई तिला तेल लावीत असे.

आता त्या तोंडी सांगितलेल्या कारणांकडे येते.

मला असे सांगण्यात आले की दालन ‘नाशिकच्या मूळच्या उद्योगांचे’ आहे आणि आमचे कुटुंब बाहेरून आलेले आहे. विश्वस्तहो, आपल्याच दालनाच्या आराखड्यात मालेगावच्या मागांना स्वतंत्र खोली आहे, आणि ती असलीच पाहिजे. पण मालेगावचे मोमीन विणकर १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतून, अलाहाबाद-बनारसच्या बाजूने, पायी आणि बैलगाड्यांनी आलेले आहेत. नाशिकरोडच्या प्रेसचा आणि ओझरच्या विमान कारखान्याचा आपण अभिमानाने उल्लेख करता. तेथील कामगारांच्या घरांतून देशातल्या किती भाषा बोलल्या जातात, हे आपल्यालाही माहीत आहे. तेव्हा बाहेरून येणे हे दालनात न घेण्याचे कारण असेल, तर ते एकट्या आमच्या कुटुंबालाच का लागू झाले, याचे उत्तर मला हवे आहे.

कातडी कमावण्याच्या धंद्याचा इतिहास तर जवळजवळ सर्वत्र परमुलखातून आलेल्या माणसांनीच घडवलेला आहे. अमेरिकेतील मिलवॉकी हे शहर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातील मोठ्या चर्मकेंद्रांपैकी एक होते. तेथील सर्वांत नावाजलेली टॅनरी गुइडो फिस्टर आणि फ्रेडरिक फोगेल या जर्मनीतून आलेल्या दोघांनी १८४० च्या दशकात सुरू केली आणि विस्कॉन्सिनच्या जंगलातील हेमलॉक वृक्षांच्या सालीवर ती वाढली. शिकागोतील हॉरवीन टॅनरी आयझॅडोर हॉरवीन या युक्रेनमधून आलेल्या माणसाने १९०५ मध्ये काढली, आणि ती त्याच घराण्याकडे आजही चालू आहे. अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलच्या चेंडूंना तिचेच चामडे लागते. आपल्या देशात कोलकात्याच्या टांगरा भागात चीनच्या मेईशियान परिसरातून आलेल्या हक्का लोकांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून टॅनऱ्या उभारल्या. बंगालमध्येही हे काम अस्पृश्य मानलेल्या जातींवर सोपवलेले होते, आणि म्हणूनच बाहेरून आलेल्या, जातिव्यवस्थेत कोठेच न बसणाऱ्या माणसांना त्यात शिरकाव मिळाला. १९६२ च्या युद्धानंतर देशातील कित्येक चिनी कुटुंबांना राजस्थानातील देवळी येथे नजरकैदेत ठेवण्यात आले, आणि १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने टांगऱ्यासह कोलकात्यातील टॅनऱ्या शहराबाहेर बानतळ्याला हलवण्याचा आदेश दिला. ही सर्व माणसे आपला मुलूख सोडून दुसऱ्यांच्या शहराच्या कडेला राहिली, ज्या कामाला तेथील लोक हात लावत नव्हते ते काम त्यांनी केले, आणि त्या कामाच्या मालाशिवाय त्या शहरांचे चालले नाही. आजोबांची गोष्ट याच गोष्टींच्या रांगेतली आहे. ती नाशिकची नाही असे म्हणायचे असेल तर मग ती कोठली म्हणायची? अक्कलकोटला तर त्यांचे घरही राहिलेले नाही.

मला असेही सांगण्यात आले की कातडी कमावणे ही ‘कारागिरी नव्हे, परंपरेने चालत आलेली मजुरी’ आहे. येथे मी शिक्षिका म्हणून उत्तर देते, आणि जरा सविस्तर देते.

ओले कातडे चार दिवसांत सडते. ते सडू नये, लवचीक राहावे आणि पाण्यात टिकावे, यासाठी त्यातील कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू एकमेकांशी नव्याने बांधावे लागतात. बाभळीच्या सालीत, तरवडीत आणि हिरड्यात जे तुरट द्रव्य असते ते टॅनिन, आणि हे बांधकाम तेच करते. पण ते घाईने केले तर बिघडते. सालीचे पाणी पहिल्याच दिवशी दाट असेल तर वरचा थर लगेच बंद होतो आणि आतले कातडे कच्चेच राहते. म्हणून कातडे आधी जुन्या, पातळ पाण्यात, मग थोड्या दाट पाण्यात, आणि शेवटी ताज्या सालीच्या पाण्यात असे कुंडीमागून कुंडीत पुढे न्यावे लागते. आपल्या अंगणातील सहा कुंड्या एकसारख्या का नाहीत, हे कोणी विचारले असते तर मी सांगितले असते. पहिल्या दोन चुन्याच्या आहेत. त्यांत कातडे भिजले की केस सुटत, मग ते उतरत्या लाकडी ओंडक्यावर टाकून त्या बाकदार सुरीने एका बाजूचे केस आणि दुसऱ्या बाजूचे मांस खरवडत. पुढच्या चार कुंड्या सालीच्या, आणि त्यांची खोली उतरत्या क्रमाने वेगवेगळी आहे. शेवटी मोटेसारख्या जाड कातड्याची पिशवी शिवून, तिच्यात कुटलेली साल भरून ती टांगत, वरून सालीचे पाणी ओतत, आणि खाली ठिबकलेले पाणी पुन्हा वर ओतत. या सर्वांना आठवडे लागत.

आजोबा सालीच्या पाण्याचा दाटपणा जिभेने ठरवत. बोट बुडवून थेंब जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि सांगत, ‘अजून एक टोपली साल.’ मीही एकदा चाखून पाहिले होते. कच्च्या जांभळासारखी जीभ आवळली आणि संध्याकाळपर्यंत तोंडाची चव गेली. कातडे झाले की नाही हे पाहायला ते कडेचा लहानसा काप घेत आणि उजेडात धरत. कापाच्या मधोमध पांढुरकी रेघ दिसली तर आत कच्चे आहे असे समजायचे आणि कातडे पुन्हा कुंडीत टाकायचे. पुढे महाविद्यालयात मी शिकले की कच्चे कातडे साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आकसते, सालीत कमावलेले ७५ ते ८५ अंशांपर्यंत तग धरते, आणि क्रोमियमच्या क्षारांनी (क्रोमने) कमावलेले उकळत्या पाण्यातही टिकते. आजोबांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण ज्या गोष्टीचे हे आकडे आहेत ती गोष्ट त्यांना बोटांनी कळत होती. याला कारागिरी म्हणायचे नाही, तर तांब्याच्या भांड्यावर ठोके देण्याला आणि पैठणीचा पदर विणण्याला तरी कोणत्या निकषावर म्हणायचे, हे आपण लेखी कळवावे.

या कारागिरीत घरातील बायांचा वाटा मोठा होता. साल कुटण्याचे काम सर्वस्वी त्यांचे. आजीच्या तळहातांच्या रेषांत सालीचा तांबडा रंग असा मुरला होता की ती गेली तेव्हाही तो तसाच होता. मुसळ आपल्याकडे आहे. त्यावर हाताच्या पकडीने पडलेली खाच पाहावी.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला नाव न घेता दाखवल्या, तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला होता. तो संताप योग्यच होता. त्या चपलेचा तळ ज्या कातड्याचा असतो ते कातडेही असेच सालीत आणि हिरड्यात कमावलेले असते. कोणाच्या हातचे काम नाव न घेता वापरले तर आपल्याला राग येतो, एवढे तरी त्या वेळी सर्वांनी मान्य केले होते.

तिसरे कारण असे दिले गेले की सिंहस्थात भाविक येतील, आणि हा विषय त्यांना अप्रिय वाटेल. या कारणाने मला सर्वांत जास्त दुःख झाले. कीर्तनातील मृदंग कातड्याचा आहे. ज्या नाशिक ढोलाचे नाव आज परदेशातील मिरवणुकांतही घेतले जाते, त्याला आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचे पान असते, पण जुन्या ढोलांची पाने कातड्याचीच होती, आणि गणपतीच्या आधी पाने मढवण्यासाठी शेळीची कातडी आमच्याकडून नेत असत. ढोल ऐकणाऱ्याला ते अप्रिय वाटले नाही. याच शहरात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे काळाराम मंदिराच्या दारात उभी राहिली, आणि जवळजवळ पाच वर्षे चाललेल्या त्या सत्याग्रहानंतरही ते दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिच्यामागे नाशिकचा हा अनुभव होता. भाविकांना काय सोसवेल याचा विचार करून कोणाला दाराबाहेर ठेवायचे हे ठरवण्याची रीत या शहराने एकदा पाहिलेली आहे. ती पुन्हा एका दालनाच्या दारात दिसू नये, एवढेच मला म्हणायचे आहे. शिवाय भाविकांना तुम्ही विचारले आहे का? चपला काढून गोदेत उतरणाऱ्या माणसाला ती चपल कशी होते हे कळले तर त्याचा विटाळ होईल, असे मानण्याला काही आधार मला दिसत नाही.

चौथे कारण आपल्यापैकी एका सन्माननीय विश्वस्तांनी सहानुभूतीने सांगितले, आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. ते म्हणाले, ‘बाई, तुमच्याच समाजातील तरुणांना हे आठवायला नको आहे. तुम्ही का उकरून काढता?’

हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो माझ्या घरातील प्रश्न आहे. मेलेली जनावरे ओढण्याची आणि मेलेल्या जनावराचे मांस खाण्याची कामे व सवयी सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले होते, आणि आमच्या ओसरीवर त्यावरून वर्षानुवर्षे वाद होत. आजोबा म्हणत, मी हुन्नर विकतो, लाचारी नाही. वडील म्हणत, ज्या हुन्नरापायी मास्तर मला वर्गात दाराजवळ बसवतो तो हुन्नर मला नको. वडिलांनी टॅनरी चालवली, पण आम्हा भावंडांपैकी एकालाही कुंडीत हात घालू दिला नाही. मी विज्ञान शाखेत गेले तेव्हा त्यांनी मला पांढरा कोट शिवून दिला आणि सांगितले, ‘रसायन शिक, पण कागदावरचे शिक.’ शाळेत असताना मैत्रिणींना घरी बोलावण्याची माझी हिंमत नव्हती. केस दोनदा धुतले तरी चुन्याचा आणि कातड्याचा वास जात नाही असे मला वाटे, आणि वर्गात कोणी नाक मुरडले की ते माझ्यामुळेच, असे मी धरून चालत असे. माझ्या भावाने आडनाव बदलले. त्याने हे पत्र वाचले आहे, आणि ते प्रसिद्ध करू नये असे त्याचे मत आहे.

तेव्हा आमच्या तरुणांना विसरावेसे का वाटते, हे मला कोणी सांगण्याची गरज नाही. पण धंदा सोडण्याचा अधिकार आमचा होता आणि तो आम्ही बजावला. आठवण पुसण्याचा अधिकार आम्ही कोणाला दिलेला नाही, आणि आम्हाला लाज वाटते हे कारण पुढे करून तो दुसऱ्या कोणी वापरावा, हे मला मान्य नाही. ती लाज आमच्यात जन्मतः नव्हती. ती आम्हाला शाळेत, पाणवठ्यावर आणि बाजारात शिकवली गेली. दालनात कातडे कमावण्याची खोलीच नसली तर माझ्या नातीला हेच कळेल की शिकवणारे बरोबर होते.

आणखी एक गोष्ट मी स्वतःहून सांगते, कारण ती लपवली तर माझ्या मागणीला अर्थ राहणार नाही. या धंद्याने नदीला त्रास दिला आहे. १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले, आणि त्या रीतीचा प्रसार झाल्यावर जे काम सालीत आठवडे घेई ते एका दिवसावर आले. आमच्याकडे ती रीत १९६० नंतर आली. कातडे निळसर निघू लागले, साल कुटणे थांबले, आणि कुंडीचे पाणी नासर्डीत जाऊ लागले. सालीचे आणि चुन्याचे पाणीही आधी तेथेच जात होते, पण क्रोमचे पाणी वेगळे, हे मला रसायनशास्त्र शिकताना समजले आणि मी वडिलांना सांगितले. पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा आमच्या आवाक्यातली नव्हती. तोवर मोटा संपल्या होत्या आणि शहर कुंड्यांपर्यंत येऊन पोहोचले होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस वडिलांनी काम बंद केले. २८ ऑगस्ट १९९६ रोजी वेल्लोरच्या टॅनऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व लागू केले. पालार नदीच्या काठची विहिरींचे पाणी खराब झालेली गावे हा त्या खटल्याचा विषय होता. हे सर्व दालनात लिहिले जावे, नासर्डीचा उल्लेखही त्यात असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या कुटुंबाची भलामण मला नको आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. सहाही कुंड्या बुजवण्याचे काम तत्काळ थांबवावे. वाहनतळासाठी पुढच्या अंगणात जागा आहे, आणि कुंड्यांनी व्यापलेली जागा त्या मानाने थोडी आहे. वही मोडी जाणणाऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यावी आणि तिचे देवनागरी लिप्यंतर दालनात ठेवावे. त्याचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून देण्यास तयार आहे. मोटेची आणि हत्यारांची निगा चामड्याच्या वस्तू जपण्याचे ज्ञान असलेल्या माणसाकडून करून घ्यावी, आणि तोवर ती ओसरीतून उचलून कोरड्या खोलीत ठेवावीत. हे काम तर आजही होऊ शकते. कातडे कमावण्याच्या व्यवसायाला दालनात जागा द्यावी, तीत या धंद्यातील जात, स्थलांतर, बायांचे श्रम आणि नदीचे नुकसान हे सर्व यावे, आणि तिची मांडणी ठरवताना कक्कय्या व चर्मकार समाजातील, तसेच हे काम हाताने केलेल्या माणसांना बोलवावे. जुन्या नाशकात अशी काही वृद्ध माणसे अजून आहेत. त्यांची नावे मी त्यांच्या संमतीने कळवीन. शेवटची मागणी अशी की नकाराची कारणे मला तोंडी सांगितली तशी लेखीही द्यावीत, म्हणजे त्यांवर सर्वांना विचार करता येईल.

वस्तू परत नेण्यासाठी आपण दिलेली मुदत येत्या शुक्रवारी संपते. मी त्या परत नेणार नाही. त्या मी शहराला दिल्या आहेत, आणि शहर मोठ्या मनाने त्या ठेवून घेईल अशी मला आशा आहे.

विश्वस्तांपैकी ज्यांनी कुंड्या जवळून पाहिल्या नसतील त्यांनी एकदा सकाळच्या उजेडात मागच्या अंगणात यावे, मी दाखवीन. चौथ्या आणि पाचव्या कुंडीच्या मधल्या दगडावर, हाताच्या उंचीला, सालीच्या पाण्याची तांबूस रेघ अजून आहे. काम सुरू करण्याचा दिवस ठरला असेल तर तो मला आधी कळवावा, त्या दिवशी सकाळी मी तेथे असेन.

आपली नम्र,
नासर्डीकाठच्या टॅनरीवाल्यांची नात
नाशिक